कोनमधून सुटतो, मग मॅचमध्ये बॉल का जातो?

फुटबॉल खेळणारा तुमचा ११ वर्षांचा मुलगा सरावाला मांडलेल्या प्लॅस्टिकच्या कोनमधून बॉल झरझर काढतो, शंभर-शंभर जगलिंग करतो (बॉल खाली न पाडता पायानं उडवत राहतो), पण मॅचमध्ये बॉल पायाशी आला की लगेच गमावतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याच्या पायात काही खोट नाही. कोन जागचा हलत नाही, पाय घालत नाही, त्यामुळे बॉल घेऊन जायचं कुठं हा प्रश्न सरावात त्याला कधी पडलेलाच नाही. मॅचमध्ये हा प्रश्न दर वेळी पडतो.

मी कोल्हापुरात १४ वर्षं लहान गटाला शिकवतोय. सुरुवातीला मीही नुसते कोनच मांडायचो, ते चुकलंच. आता दीड तासातला तासभर तरी पोरांसमोर कुणीतरी अडवणारा असतो. रोंडोचंच घ्या: आठ-दहा पावलांचा चौकोन, कडेला चौघं एकमेकांना पास देतात, मधला एक बॉल हिसकावायला बघतो. माझ्याकडचा एक पोरगा बॉलवर डोळे लावून उभा राहायचा. बॉल पायात आल्यावर मान वर करायचा, तोवर मधला अंगावर आलेला. त्याला एवढंच सांगितलं, बॉल वाटेत असताना एकदा मागं बघ. पहिले आठ-दहा दिवस उलट जास्त चुका झाल्या, कारण मान वळवली की पहिला टच, म्हणजे आलेल्या बॉलला लावलेला पहिला पाय, चुकून बॉल लांब जायचा. मग एका संध्याकाळी गडी अंग अर्धं वळवून उभा राहिला, लांबच्या पायानं बॉल घेतला आणि तसाच पलीकडं दिला. आधी बघितलं म्हणून टच बरोबर पडला. तंत्र आधी, डोकं नंतर असं शिकवणं मला म्हणूनच पटत नाही. बार्सिलोना क्लबचा मिडफिल्डर झावी बॉल यायच्या आधी सारखी मान फिरवायचा. त्याचे व्हिडिओ मुलाला दाखवा, फक्त बॉल सोडून झावीकडं बघायला लावा.

मैदान लहान हवं. इंग्लंडमध्ये १२ वर्षांखालच्या गटातली मुलं ९-९ खेळतात, म्हणजे एका संघात नऊच. आपल्याकडं कित्येकदा याच वयाची पोरं मोठ्या मैदानात ११-११ उतरवतात, मग निम्म्यांच्या पायाला बॉल लागतच नाही. सरावाला ४-४ मिळालं तर उत्तम. घरी बॉल मारायला भिंत पुरे, डाव्या पायानं जास्त मारू दे.

एक कळकळीची विनंती. मॅच चालू असताना कडेनं “पास दे, मार” असं ओरडू नका. तुम्हीच काय करायचं ते सांगितलंत, तर त्याचं स्वतः शोधणं थांबतं. त्यापेक्षा घरी जाताना विचारा, “बॉल आला तेव्हा तुला कोण कोण दिसत होतं?” सुरुवातीला “आठवत नाही” म्हणेल. रागावू नका, पुढच्या मॅचनंतर परत विचारा.