अंतरा इंजेक्शननंतर पाळी थांबली, तर घाण रक्त पोटात साठतं का?

नाही ताई, काहीही साठत नाही. ही भीती इतक्या जणींना असते की आधी तेच सांगते. अंतरा हे दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं इंजेक्शन. त्यातल्या हार्मोनमुळे बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं. अस्तर वाढलंच नाही, तर बाहेर पडणार काय? सुरुवातीचे महिने अवेळी डाग लागतात, पुढे अनेकींची पाळी बंदच होते.

सरकारी दवाखान्यात 2017पासून मोफत मिळणारं 'अंतरा' म्हणजे डीएमपीए नावाचं हार्मोनचं औषध, दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका. अंगावर पाजत असाल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी चालतं.

खरा विचार करायचा तो पुढच्या गोष्टींचा. वजन वाढू शकतं. हाडांची घनता थोडी कमी होते, बंद केल्यावर बरीचशी भरून येते. तरी दोन वर्षांनंतर डॉक्टरांशी पुन्हा बोला. फ्रान्समधल्या 2024च्या अभ्यासात वर्षभरापेक्षा जास्त वापरानंतर मेंदूच्या आवरणातल्या गाठीचा धोका वाढलेला दिसला. ही गाठ मुळात दुर्मीळ, पण डोकेदुखी हटत नसेल किंवा नजर बदलली तर अंगावर काढू नका. आणि वर्षभरात दुसरं मूल हवं असेल तर मी हे सुचवणार नाही, कारण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात.

स्तनाचा कर्करोग झालेला असेल, बीपी फार वाढलेलं असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर घेण्याआधीच तसं सांगा.