प्रश्न तुमचे : रिक्वेस्ट आली म्हणून स्वीकारायलाच हवी का?

प्रश्न : मी नागपुरातील एका शाळेत मराठी शिकवते. फेसबुकवर माझ्या यादीत माहेरची आणि सासरची माणसे, जुने विद्यार्थी, सध्याच्या विद्यार्थ्यांचे पालक आणि प्रतापनगरातील शेजारी असे सगळेच आहेत. मुलीच्या साखरपुड्याचे फोटो टाकले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी एका पालकांनी शाळेत चारचौघांसमोर खर्चावरून शेरा मारला. तेव्हापासून काही लिहावेसे वाटत नाही. यादीतील माणसे कमी करावीत असे मनात येते; परंतु यजमान म्हणतात की नागपूर ते केवढे, आज काढलेला माणूस उद्या लग्नाच्या मांडवात समोर येईल. असे करणे शिष्टपणाचे ठरेल का?
— एक शिक्षिका, प्रतापनगर

उत्तर : ताई, यजमानांची काळजी निराधार नाही. सीताबर्डीवर खरेदीला गेलेल्या माणसाला घरी परतेपर्यंत दोन-चार ओळखीचे भेटतातच, आणि येथे माणसे तोंडावर बोलतातही. तरीही तुम्ही निवड करावी, असेच माझे स्पष्ट मत आहे. कारण ही निवड कोण जवळचा आणि कोण दूरचा हे ठरवण्यासाठी नसून, आपले कोणते बोलणे कोणाच्या कानी पडावे हे ठरवण्यासाठी आहे.

प्रत्यक्ष जीवनात हे आपण रोजच करतो. पालकसभेत आपण एका स्वरात बोलतो, विहीणबाईंशी दुसऱ्या आणि बालमैत्रिणीशी तिसऱ्या. त्यात खोटेपणा नसतो, समोरच्या नात्याची जाण असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण सगळ्या वसाहतीला बोलावतो, म्हणून घरातल्या देण्याघेण्याच्या गोष्टी तेथे काढत नाही. फेसबुकवर मात्र ‘फ्रेंड्स’ या एकाच पर्यायाखाली पोस्ट टाकली की विहीणबाई, बालमैत्रीण आणि सातवीतल्या मुलाचे वडील तेच वाक्य, तेच छायाचित्र एकाच वेळी पाहतात. त्या पालकांचे वागणे अशिष्ट होतेच. पण तो शेरा मारण्याची संधी त्यांना या सरमिसळीने दिली.

फेसबुक ५,००० मित्रांपर्यंत यादी वाढवू देते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९० च्या दशकात असे मांडले, की माणूस साधारण दीडशे जणांशीच टिकाऊ नाते सांभाळू शकतो. या आकड्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि आपल्याकडे केवळ चुलत-मावस-आते भावंडांतच दीडशेचा आकडा पार होऊ शकतो. तरीही आपले मन आणि ती यादी यांच्या मापांत केवढी तफावत आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

सुरुवात सध्याच्या विद्यार्थ्यांच्या पालकांपासून करा, आणि तेथे अपवाद ठेवू नका. एका पालकाला ठेवून दुसऱ्याला काढले, तर उद्या वर्गातील गुणांविषयीही शंका घेतली जाईल. सर्वांना एकच नियम लावला, तर राग धरायला कोणाला जागा राहत नाही. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्यानंतरच्या पहिल्या पालकसभेत शांतपणे सांगून टाका, की मूल आपल्या वर्गात असेपर्यंत पालकांशी संपर्क शाळेच्या वेळेत किंवा शाळेने ठरवलेल्या मार्गानेच राहील. आधी सांगितलेला नियम अपमान वाटत नाही; न सांगता काढलेले नाव मात्र खुपते. मित्रयादीतून काढल्याची सूचना फेसबुक समोरच्याला पाठवत नाही हे खरे, पण शोधायला गेलेल्याला ते कळतेच. कोणी विचारलेच, तर टाळाटाळ करू नका, हाच नियम सांगा.

जुने विद्यार्थी सज्ञान झाल्यावर, त्यांची स्वतःची इच्छा असल्यास, जरूर घ्यावेत. शिक्षकाला मिळणारे ते मोठे सुख आहे आणि त्याला मुकण्याचे कारण नाही.

नातेवाइकांची गोष्ट निराळी आहे. आत्याच्या दिरांना यादीतून काढून महाल भागातल्या वाड्यावर चर्चा ओढवून घेण्यात शहाणपण नाही. त्यांना फेसबुकच्या ‘रिस्ट्रिक्टेड’ यादीत ठेवता येते. मग ते मित्र म्हणून दिसत राहतात, परंतु त्यांना तुमच्या सार्वजनिक पोस्ट आणि ज्यांत त्यांना टॅग केले आहे तेवढ्याच पोस्ट दिसतात. काही जणांना हे लपवाछपवीचे वाटते. मला तसे वाटत नाही. वडीलधाऱ्यांसमोर काही गोष्टी न बोलण्याचे वळण आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. साखरपुड्यासारखी छायाचित्रे मात्र अगदी मोजक्या माणसांची वेगळी यादी करून तिलाच दाखवावीत, आणि त्याआधी मुलीला व तिच्या होणाऱ्या सासरला विचारावे, कारण त्या छायाचित्रांत केवळ तुमचेच आयुष्य नाही.

उरलेल्या नावांबाबत मी एकच कसोटी सुचवीन. माझ्या एखाद्या वाक्याचा चुकीचा अर्थ लागला, तर हा माणूस मला फोन करून विचारेल, की परस्पर दहा जणांत बोलेल? विचारणारा माणूस विचारांनी तुमच्या अगदी विरुद्ध असला तरी त्याला ठेवा. राजकारणावरून, आरक्षणावरून किंवा वेगळ्या विदर्भाच्या मागणीवरून मतभेद झाला म्हणून माणसे गाळू लागलो, तर यादी सुरक्षित होईल, पण आपली समज आक्रसत जाईल. निवड वागणुकीवरून व्हावी, मतावरून नव्हे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : माझे एक जुने सहकारी फेसबुकवर माझ्या यादीत आधीपासून आहेत. आता त्यांच्याच नावाने, त्यांच्याच छायाचित्रासह दुसरी रिक्वेस्ट आली आहे. आमच्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी ती स्वीकारलेली दिसते. मीही स्वीकारावी का?
— एक सेवानिवृत्त वाचक, महाल

उत्तर : स्वीकारू नका. समाईक मित्र दिसतात याचा अर्थ इतकाच, की त्यांनीही न विचारता होकार दिला. अशा बनावट खात्यांवरून पुढे रुग्णालयाचे कारण सांगून किंवा बदलीमुळे फर्निचर स्वस्तात विकायचे आहे असे सांगून पैसे मागितले जातात. सहकाऱ्यांना प्रथम फोन करा आणि मग ते खाते फेसबुककडे रिपोर्ट करा. दुसऱ्याची ओळख वापरून संगणकाद्वारे फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-ड नुसार गुन्हा असून, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कोणी पैसे पाठवून बसले असेल, तर त्यांनी एक तासही न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे आणि शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी ती रोखता येण्याची शक्यता असते. आपली मित्रयादी इतरांना दिसू नये अशी सोय फेसबुकच्या सेटिंगमध्ये आहे. ‘ओन्ली मी’ हा पर्याय आपणही निवडा आणि आपल्या सहकाऱ्यांनाही निवडायला सांगा, म्हणजे पुढच्या भामट्याला कोणाकोणाला रिक्वेस्ट पाठवायची याची यादी आयती मिळणार नाही.