‘पुण्यातील स्थलांतर’ हा पीएचडीचा विषय : आधी पुणं कुठपर्यंत ते ठरवा

तुमचे प्रश्न दोन. 2011 च्या जनगणनेवर ‘पुण्यातील स्थलांतर’ हा विषय आज चालेल का, आणि लोकसंख्या भूगोलातली माणसं भेटतात कुठे?

विषय चालेल. फक्त ‘पुणे’ म्हणजे नेमकं काय, हे सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर लिहा. मी हे तोंडावर आपटून शिकलोय. हवेली तालुक्याचा 1991 ते 2001 चा वाढीचा नकाशा केला, तर त्यात खराडी ओस पडलेली! मी त्यावर दोन परिच्छेद खरडलेही होते, पाणी, शेती, काय काय. गाव जागेवरच होतं. 1997 मध्ये महापालिकेत गेलं म्हणून गावांच्या यादीतून उडालं. गाईडनी नकाशा पाहून एवढंच विचारलं, “खराडीला शेवटचा कधी गेला होतास?”

तुमच्या बाबतीत घोळ याहून मोठा आहे. 2011 मध्ये महापालिका हद्दीत 31,24,458 माणसं होती. त्यानंतर 2017 मध्ये 11 गावं आत आली, 2021 मध्ये आणखी 23. पुढचा आकडा आला की त्यातली वाढ जन्मांची किती, बाहेरून आलेल्यांची किती आणि नुसती हद्द सरकल्याची किती, हे वेगळं काढावंच लागेल. त्यासाठी एक हद्द पक्की धरायची आणि जुन्या जिल्हा जनगणना पुस्तिकांतून गावनिहाय आकडे त्या हद्दीत बसवायचे. गावांचे कोड दर जनगणनेत बदलतात, त्यामुळे जुळवणी नावावरून. मग खुर्द-बुद्रुक तुमचा जीव खातात. महिना तरी धरून चाला.

2021 ची जनगणना झालीच नाही, पुढची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तोवर 2011 चे डी-तक्ते (जनगणनेतले स्थलांतराचे तक्ते) पाया म्हणून घ्या, पण त्यांच्या खोडी ओळखून. स्थलांतराचं कारण माणशी एकच नोंदलं जातं. लातूरहून लग्न होऊन पिंपरीत आलेली आणि पुढे कंपनीत लागलेली बाई तिथे कायम ‘लग्न’ याच रकान्यात राहते. ऊसतोड कामगारांचं तर विचारू नका. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. बीडकडच्या टोळ्या तेव्हा इकडच्या कारखान्यांच्या फडात असतात. ऊसतोड घेणार असाल तर तक्ते बाजूला ठेवा, दिवाळीनंतर मुकादमाला गाठा आणि कोप्यांवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपड्यांवर, जा. माझं मत विचाराल तर पुण्यात बसून करण्यासारखा सगळ्यात चांगला विषय हाच.

माणसांचं म्हणाल तर भूगोल विभागापुरते राहू नका. गोखले इन्स्टिट्यूटमध्ये लोकसंख्या संशोधन केंद्र आहे. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांची पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणीही तिथलीच (दोन भाग, 1945 आणि 1952), तिच्यातली स्थलांतरितांची माहिती पाहाच. मुंबईत देवनारला आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, आहे. तिथले लोक जन्म, मृत्यू, प्रजनन यांचं गणित तुमच्यापेक्षा पक्कं करतात. ‘हे इथेच का, शेजारच्या तालुक्यात का नाही’ हा प्रश्न मात्र आपल्या भूगोलवाल्यांना विचारावा लागतो, आणि परिषदेत त्यांना तो आवडतो, असा माझा अनुभव.

गाईड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना चहाला न्या. कोण मसुदा वाचतं आणि कोण नुसती सही करतं, ते त्यांनाच ठाऊक असतं.