पंक गायक जो स्ट्रमरची पुण्यतिथी त्याचे चाहते आजही का पाळतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, ज्या पंक संगीताने, म्हणजे रॉक संगीताच्या साध्या, बंडखोर प्रकाराने, मोठमोठ्या गायकांच्या देव्हाऱ्यांनाच विरोध केला, त्याचेच चाहते एका गायकाची पुण्यतिथी कशी काय पाळतात. महाविद्यालयात असल्यापासून मी ‘द क्लॅश’ या स्ट्रमरच्या बँडची गाणी ऐकत आलो आहे आणि २२ डिसेंबरची संध्याकाळ दरवर्षी स्ट्रमरसाठी राखून ठेवतो, म्हणून मला जे उमगले ते लिहितो.

जो स्ट्रमर, म्हणजे जॉन ग्रॅहम मेलर, २२ डिसेंबर २००२ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या आपल्या घरी अचानक गेला. वय अवघे ५०; हृदयात जन्मापासून असलेला दोष कुणाच्याही लक्षात आला नव्हता. (त्याचा जन्म अंकाराचा, आणि परराष्ट्र खात्यात नोकरी करणाऱ्या त्याच्या वडिलांचा जन्म आपल्या लखनौचा.)

चाहत्यांच्या बोलण्यात या दिवशी १५ नोव्हेंबर २००२ ची संध्याकाळ हमखास निघते. लंडनच्या ॲक्टन टाउन हॉलमध्ये त्या दिवशी तो संपावर गेलेल्या अग्निशामक जवानांच्या मदतीसाठी गात होता. ‘द क्लॅश’मधला त्याचा जुना साथीदार मिक जोन्स प्रेक्षकांत होता आणि कार्यक्रम संपत आला असताना तो आपणहून मंचावर आला, १९८३ मध्ये दोघांची फारकत झाल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी ते एकत्र वाजवत होते. पुढच्या सव्वा महिन्यात स्ट्रमर राहिला नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच संध्याकाळी आहे, कारण नाव झाल्यानंतरही तो अडलेल्यांसाठी लहानशा सभागृहात गायला उभा राहत होता.

पैशाच्या बाबतीतही त्याच्या बँडने ऐकणाऱ्याचा खिसा आधी पाहिला. १९७९ चा ‘लंडन कॉलिंग’ हा दोन तबकड्यांचा संच त्यांनी एकीच्या किमतीत विकायला लावला आणि पुढच्याच वर्षी तीन तबकड्यांचा ‘सँडिनिस्टा’ स्वस्तात मिळावा म्हणून ब्रिटनमधल्या पहिल्या दोन लाख प्रतींवरचे मानधन सोडले. हे ज्यांनी अनुभवले, त्यांना तो देव्हाऱ्यातला न वाटता आपल्यातला वाटला, आणि आपल्यातल्या माणसाची आठवण काढण्यात पंकशी विसंगत असे काहीच नाही.

म्हणूनच या दिवसाला केवळ हार-फुलांचे स्वरूप आलेले नाही. ठिकठिकाणचे छोटे बँड त्याची गाणी वाजवून निधी गोळा करतात, आणि त्याच्या नावाची संस्था नवोदित कलावंतांना हात देते. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये भिंतीवर त्याचे मोठे चित्र आहे; त्याने जीव लावलेल्या स्पेनमधल्या ग्रानादा शहराने तर २०१३ मध्ये एका लहानशा चौकाला त्याचे नाव दिले.

स्वतःपुरते सांगायचे तर मी त्या संध्याकाळी त्याचे हात पाहत बसतो. तो डावखुरा होता, पण गिटार उजव्या हाताने वाजवायला शिकला, त्यामुळे नाजूक बोटफिरत त्याने कधी मिरवली नाही. सगळ्या तारा एकदम आणि इतक्या जोराने छेडी की हात सोलवटू नये म्हणून मनगटाभोवती पट्टी गुंडाळावी लागे. जुन्या चित्रफितींत ती पट्टी आणि रंग उडालेली काळी टेलिकास्टर गिटार स्पष्ट दिसते.

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर ॲक्टनच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालेले आहे. ते शेवटापर्यंत ऐका, कारण मिक जोन्स शेवटीच येतो.