"पेटी पूर्णच होत नाहीये, मॅडम"

"ऑपरेशन झालंय तिचं. भेटायला जायचंय, पण काय घेऊन जाऊ?" हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकलाय की आता मी भेटवस्तूबद्दल बोलतच नाही. विचारते, "ऑपरेशनला किती दिवस झाले?" उत्तर बहुतेक वेळा आठवड्यांत येतं.

अशाच एक बाई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या होत्या (ओळख पटू नये इतके तपशील बदललेत). कागदकामात हात सुरेख. जिवलग मैत्रिणीच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली, आणि या तिच्यासाठी कागदाची पेटी करत होत्या. झाकण उचललं की चारही बाजू उलगडतात, आत जुने फोटो, क्विलिंगची (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली) फुलं, ओरिगामीचे पक्षी. मोबाइलवर दाखवली. देखणी होती. ऑपरेशनला २३ दिवस झाले होते.

"कोपरे जुळत नाहीयेत. आजारी माणसाला कसंतरी केलेलं नाही ना देता येत? ते सुंदरच व्हायला हवं."

माझे कान त्या 'च'वर. मी ज्या विचारपद्धतीत घडले, ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली. तिचा सगळा भर इच्छेचा हट्ट कुठे होतो, हे ओळखण्यावर. त्यासाठी इंग्रजीला 'मस्ट' हा अख्खा शब्द लागतो, आपलं एका अक्षरात भागतं. याचा मला उगाचच अभिमान आहे.

पण नुसता 'च' काढून दाखवल्यानं काही झालं नाही. बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या वेळी नवे कोपरे कापून आल्या. मधल्या दोन भेटींचं सांगत नाही, त्यांत मीच फार बोलले.

मग एकदा म्हटलं, "समजा, पेटी आज रात्री पूर्ण झाली. पुढे?"

"पुढे काय, उद्या द्यायची."

"द्यायला कोण जाणार?"

त्या हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिल्या. चौकोनी, मग त्रिकोणी. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "नेहमी तीच मला सावरते. ती कॉटवर आणि मी शेजारी खुर्चीत, असं कधी झालंच नाहीये. मला रडू आलं तर?"

कोपरे का जुळत नव्हते, ते दोघींनाही एकदमच दिसलं. मी गप्प राहिले. (हे जमायला मला बरीच वर्षं लागली.)

"आलं रडू, तर ती काय म्हणेल?"

"म्हणेल, वेडे, मी अजून आहे की!" आणि त्या डोळे पुसत हसल्या.

त्यानंतर कुठे आम्ही कागदाबद्दल बोललो. हातानं केलेलं द्यायचं असेल, तर घेणाऱ्याच्या हाताचा विचार आधी करावा. त्या हाताला सलाईनची सुई असू शकते, पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर काही आठवडे वजन उचलायचं नसतं, वेदनाशामकांच्या गुंगीत चार ओळींपुढे वाचवत नाही. म्हणून वस्तू हलकी हवी, एका हातानं उघडणारी, अक्षरं मोठी. चमकी नको, ती पांघरुणभर पसरते आणि निघत नाही. उग्र वासाचा गम नको, भुलीनंतर आधीच मळमळत असतं. अतिदक्षता विभागात काही न्यायचं असेल तर आधी विचारायचं. पडून असलेल्या माणसाला टेबलापेक्षा छत जास्त दिसतं, त्यामुळे दोऱ्याला टांगलेले दोन पक्षीसुद्धा पेटीपेक्षा जास्त सोबत करतात.

आणि उशिराचं म्हणाल, तर पहिल्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ असते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दारावरची बेल थांबते. बाईंना वाटत होतं तेवढा उशीर झालेला नव्हता.

दोन बाजू न चिकटवताच त्या पेटी घेऊन गेल्या. नंतर मला फोनवर सांगत होत्या. मैत्रिणीनं झाकण उचललं, सुट्या बाजू गळून पडल्या, पक्षी पांघरुणावर घरंगळले. ती बराच वेळ ते बघत राहिली आणि म्हणाली, "इतके दिवस हे करत बसली होतीस? मला वाटलं, माझ्यावर रागावलीस."

उरलेल्या बाजू दोघींनी मिळून चिकटवल्या. एक वाकडी बसलीये.