वाचकांचे प्रश्न : बुरशी, कातळ आणि न वाळणारे रंग

प्रश्न : दोन पावसाळे कपाटात राहिलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये आता पांढरे धागे दिसतात. तांदळाच्या डब्यात ठेवली तर जातील, असे सगळे सांगतात. (गुहागरहून एक वाचक)

तांदूळ भातालाच ठेवा. तो ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याची पूड मात्र लेन्सच्या रिंगांत जाऊन बसते. धागे म्हणजे बुरशी. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की ती धरते, आणि किनाऱ्यावर पावसाळाभर आकडा त्याच्या बराच वर असतो. बुरशी आम्ल सोडते, त्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला जातो. म्हणून उशिरा साफ केलेल्या लेन्समधली बुरशी गेली तरी डाग राहतो.

आधी किती पसरली आहे ते बघा. दोन्ही टोप्या काढा, उजेड कमी-जास्त करणाऱ्या आतल्या पाकळ्या पूर्ण उघडा आणि मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. कडेला चार धागे असतील तर फोटोत काही दिसणार नाही. मधोमध जाळे असेल तर उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो धुरकट येतील. मग लेन्स कारागिराकडे उघडायला द्या. कॅमेऱ्यासोबत मिळालेली साधी लेन्स असेल तर खर्च करण्याआधी जुन्या लेन्सचा भाव विचारा. बहुधा साफसफाईच महाग पडते.

पुढच्यासाठी आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, बेगमी करतानाच हे करून ठेवा. झाकणाला रबर असलेला १० ते १५ लिटरचा हवाबंद डबा, त्यात ओलावा शोषणारे पाव किलो सिलिका जेलचे दाणे सुती पिशवीत, आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४५ ते ५० राहिला पाहिजे. ३० च्या खाली जाऊ देऊ नका, फार कोरड्या हवेत रबर आणि वंगण सुकते. जेल नारिंगी रंगाचे घ्या. ओलावा भरला की दाणे हिरवे होतात. मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, बंद बरणीत गार करा आणि मगच डब्यात टाका. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते, ते घरात तापवायच्या भानगडीत पडू नका. नारिंगीलाही जेवणाचे भांडे वापरायचे नाही.

चामड्याची पेटी तर बुरशीचे माहेरघर, लेन्स तिच्यातून आजच बाहेर काढा. कपाटात बल्ब लावून ठेवायची जुनी युक्ती खरी होती, कारण तो बल्ब तापायचा. एलईडी लावून तो उपयोग होत नाही.

प्रश्न : राजापूरकडची कातळशिल्पे बघायला भर दुपारी गेलो. डोळ्यांना दिसत होती, फोटोत नुसता सपाट सडा (उघडा कातळ) आला. कॅमेरा बदलावा का? (रत्नागिरीहून एक वाचक)

कॅमेरा नको, वेळ बदला. जांभ्यात कोरलेल्या या रेषा उथळ आहेत. त्या दिसतात त्या खाचेच्या एका कडेला पडणाऱ्या सावलीमुळे. सूर्य डोक्यावर आला की सावली संपली. सूर्योदयानंतरचा पहिला तास किंवा मावळतीआधीचा शेवटचा, एवढाच वेळ हाताशी असतो. ऊन पाठीवर घेऊन उभे राहू नका. खाचा त्यानेही सपाट दिसतात आणि तुमचीच सावली चित्रात येते. ऊन डाव्या किंवा उजव्या खांद्यावरून आडवे यायला हवे. ज्या रेषा उन्हाच्या दिशेलाच समांतर आहेत त्या तरीही पुसट राहतात, म्हणून जमल्यास एकाच शिल्पाचे सकाळी आणि संध्याकाळी असे दोन फोटो काढा.

कशेळीच्या कातळावर कोरलेला हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे, तो जमिनीवरून एका चौकटीत नीट बसत नाही. फोन लांब काठीवर बसवून तीन-चार मीटर वर न्या, तोंड सरळ खाली ठेवा, टायमर लावा. दर फोटोनंतर एक पाऊल बाजूला सरका. प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा तरी यायला हवा, नाहीतर संगणकावर जोडताना सोंड एकीकडे आणि पाय दुसरीकडे जातात. एका जागी उभे राहून फोन फिरवत घेतलेला पॅनोरमा इथे चालत नाही, रेषा वाकतात.

सूर्याची दिशा सांगणारी ॲप्स फोनच्या होकायंत्रावर चालतात. देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते, तिथे ॲपवर विसंबून राहू नका.

रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवणे, पाणी ओतणे, वर चढून उभे राहणे हे प्रकार सर्रास चालतात. ते करू नका. ही शिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, पण यादीमुळे झिजलेली रेष परत येत नाही.

प्रश्न : सावंतवाडीहून आणलेल्या दशावतारी गंजिफांचे (खेळायच्या गोल पत्त्यांचे) फोटो काढताना प्रत्येक पानावर ट्यूबलाइट चमकते. (कुडाळहून एक वाचक)

चकाकी पानांवरच्या लाखेच्या थराची आहे. घरातले सगळे दिवे बंद करा आणि ऊन थेट येत नसलेल्या खिडकीशेजारी टेबल घ्या. फोन पानांच्या बरोबर वर धरला की आता त्याचेच प्रतिबिंब पडते. काळ्या कार्डपेपरला लेन्सपुरते भोक पाडून तो फोनवर बसवा. खूप जवळ जाऊ नका, थोडे उंचावरून दुप्पट झूम ठेवा, म्हणजे कडेची गोल पाने लांबट होणार नाहीत. संच १२० पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. दहा ओळी मांडल्या की पूर्ण संच एका आडव्या चौकटीत जवळजवळ चपखल बसतो.

प्रश्न : श्रावणात पडवीत बसून जलरंगात पाऊस रंगवते. एक थर वाळायला अर्धा तास जातो आणि नव्या कागदावरही रंग ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो. (देवगडहून एक वाचिका)

ठिपके हा कागदाचा दोष आहे, हाताचा नाही. कागदावर सरस किंवा तत्सम लेप असतो, तो रंग वर धरून ठेवतो. दमट हवेत महिनोन्महिने उघडा राहिलेला लेप जागोजागी उतरतो आणि तिथे रंग खोल मुरतो. तो कागद आता पेन्सिलीला ठेवा. नवा ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती घ्या, प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह बंद ठेवा, लागेल तेवढेच पान काढा.

वाळण्यासाठी पंखा पुरतो. हेअर ड्रायर वापरलात तर एक हात अंतरावरून, आणि पाण्याची चकाकी गेल्यावरच. ओल्या थरावर मारलात तर रंग कडेला ढकलला जाऊन रेघ उमटते. आभाळ एकाच ओल्या थरात उरकायचे आणि माडांच्या झावळ्या दुसऱ्या दिवशी, ही वाटणी पावसाळ्यात सोयीची पडते. रंगांची पेटी ओली बंद केलीत तर आठवड्यात वड्यांवर बुरशी येते, ती रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा.