खेड्यातल्या घरून टॉर रिले चालवता येतो का?

तुम्ही विचारलंय, दारव्ह्याजवळच्या गावात फायबर आलंय, घरून टॉर रिले चालवला तर पोलिसांचं लचांड मागे लागेल का?

टॉर म्हणजे ओळख लपवून इंटरनेट वापरायचं जाळं, नावातच कांदा ('द अनियन राउटर'); रिले म्हणजे त्यातली माहिती पुढे ढकलणारा स्वयंसेवकाचा संगणक. चालवा, पण एक्झिट नको. टॉरमध्ये माहिती तीन रिलेंमधून जाते आणि वेबसाइटला पत्ता दिसतो तो शेवटच्याचा, म्हणजे एक्झिटचा. कुणी तिथून धमकीचा मेल पाठवला की चौकशी तुमच्या नावच्या कनेक्शनवर. मग बसा ठाणेदारांसमोर कांद्याचे पापुद्रे सोलत! ते काम फ्रान्सच्या 'नोझोन्यों'सारख्या ना-नफा संस्थांना करू द्या.

मधल्या रिलेला पाठवणाराही कळत नाही आणि पोचायचं ठिकाणही. हा मधला रिले कायद्यापेक्षा आपल्याकडच्या वायरीवर अडतो. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच पत्त्यामागे, आहात. बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोचूच शकत नाही, रिलेचा विषय तिथेच संपला. पब्लिक, म्हणजे तुमचा एकट्याचा, आयपी असेल तर हिशोब करा. किमान १० एमबीपीएसचा वेग द्यावा असं टॉरवाले सांगतात. तो चोवीस तास भरून वाहिला तर महिन्याला सव्वातीन टीबी आत आणि तितकाच बाहेर. एफयूपीचा, म्हणजे प्लॅनमधल्या डेटाच्या मर्यादेचा, बोऱ्या वाजतो, म्हणून सेटिंगमध्ये अकाउंटिंगमॅक्स घालून मर्यादा बांधा. शिवाय हजारो कनेक्शन एकदम धरताना फुकटात मिळालेला राउटर मान टाकतो.

त्यात नव्या रिलेला पुरेशी रहदारी मिळायलाच दोनेक महिने लागतात, आणि ती मिळते सतत चालू राहणाऱ्याला. पावसाळ्यात लाइन गेली की इन्व्हर्टर रात्र काढेल, पण रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की काय करणार?

म्हणून मी स्नोफ्लेक चालवतो. ब्राउझरचं छोटंसं एक्स्टेंशन आहे, सीजीनॅटमागेही चालतं. रशियाने २०२१ च्या डिसेंबरात टॉर अडवलं; तशा ठिकाणचा माणूस तुमच्यामार्फत टॉरपर्यंत पोचतो. वेबसाइटला तुमचा आयपी दिसत नाही. लाइन गेलीच तर त्याला दुसरा स्नोफ्लेक शोधून दिला जातो. चोवीस तासांत किती जणांना मदत झाली तो आकडा तिथेच दिसतो. तो शेजारच्या काकांना दाखवला तर म्हणाले, "याचे भेटते किती?" काहीच नाही म्हटल्यावर त्यांचा संशय आणखी वाढला.

रिलेच हवा असेल तर भाड्याचा सर्व्हर घ्या. भारतातला घेतलात तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपनी तुमचं नाव-पत्ता पाच वर्षं जपून ठेवते. मधल्या रिलेला त्याची अडचण नाही, पण टॉर चालतं का हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.